चित्रित कपाट आणि साधी खुर्ची

ऑक्सफर्ड येथील अ‍ॅशमोलियन संग्रहालयात कपडे ठेवण्याचे एक मोठे कपाट आहे. त्याची आखणी फिलिप वेब या वास्तुशिल्पज्ञाची, चित्रे एडवर्ड बर्न-जोन्सची. १८५९ साली विल्यम मॉरिसचा विवाह झाला, त्या वेळी ते त्यास भेटीदाखल मिळाले व पुढे केंट परगण्यातील त्याच्या ‘रेड हाउस’ या घरात गेले. कपाटाची घडण सरळ व चौकोनी आहे. शोभा काय ती चित्रांची. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये मठाधिकारिणीने सांगितलेली कथा तीवर चितारलेली आहे. गळा चिरलेले बालक मेरीमातेचे स्तोत्र गातच राहते, कारण तिने त्याच्या जिभेवर एक दाणा ठेवला आहे. चित्र मनोहर आहे यात शंका नाही. मात्र मूळ कथेत यहुद्यांविषयीचे जे विखारी कुभांड आहे, त्याकडे या प्रेमळ मित्रमंडळीने फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. मध्ययुगातून निवड करताना त्यांची दृष्टी प्रायः रंगांवरच खिळे.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. ही सारी मंडळी रस्किनला गुरुस्थानी मानीत. त्याने १८५३ मध्ये ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या दुसऱ्या खंडात प्रतिपादिले की, गॉथिक कलेची थोरवी केवळ टोकदार कमानींत नसून, सामान्य कारागिरास चुकतमाकत का होईना, पण स्वतःच्या बुद्धीने काम करण्याची जी मोकळीक होती, तीत आहे. ही कसोटी या कपाटास लावून पाहावी. आराखडा वास्तुशिल्पज्ञाचा, कल्पना चित्रकाराची. मग सुताराकडे उरले काय? दिलेल्या नकाशाबरहुकूम फळ्या कापावयाच्या, सांधे बसवावयाचे, आणि आपली कारागिरी दुसऱ्याच्या रंगाखाली झाकली जाताना पाहावयाची. काम हातचे खरे. पण हात आणि बुद्धी यांची जी फारकत रस्किनला कारखान्यात खुपत होती, तीच येथे घरात शिरली.

मॉरिसला हे अगदीच उमगले नसेल असे नाही. १८६१ साली त्याने मित्रांसह व्यवसाय मांडला आणि १८६२ च्या लंडन प्रदर्शनात वेबने आखलेले व स्वतः मॉरिसने सेंट जॉर्जच्या आख्यायिकेने रंगविलेले कपाट ठेवले. पण १८८२ मधील एका व्याख्यानात त्याने नित्याच्या वापराचे सामान आणि मिरविण्याचे सामान असे दोन वर्ग स्पष्ट केले. पहिले साधे व भक्कम असावे. दुसऱ्यावर हवी तितकी कलाकुसर करावी. हा भेद सोयीचा आहे, पण मिरविण्याचे सामान कोणाच्या घरी जाणार? उत्तर सांगावयास नको. पुढे मॉरिस समाजवादी झाला, तो या अडचणीतूनही, असे आम्हांस वाटते.

याच व्यवसायाने विकलेली ‘ससेक्स’ खुर्ची पाहावी. कातून घडविलेला हलका सांगाडा, लव्हाळ्याची विणलेली बैठक, वर बहुधा काळा रंग. ना संत, ना राजकन्या. किंमत माफक. तीही नमुन्याबरहुकूमच घडे, हे मान्य. तथापि तो नमुना खेड्यातील कारागिरांच्या परंपरेतूनच आलेला होता, कोणा चित्रकाराच्या स्वप्नातून नव्हे. आम्हांस ती त्या कपाटाहून अधिक गॉथिक वाटते. त्या कपाटाच्या चित्रकाराने, खुद्द बर्न-जोन्सने, आपल्या चित्रशाळेत याच खुर्च्या ठेविल्या होत्या.