शिवीपेक्षां वाईट शब्द

रस्त्यावरची शिवी घरांत शिरली म्हणून हळहळणारे लोक प्रत्येक पिढींत असतात. आम्ही त्यांच्यांतले नव्हों. तुकोबांनीं दांभिकांस ज्या शब्दांनीं झोडपलें, त्यांपैकीं कित्येक आज दिवाणखान्यांत उच्चारवणार नाहींत. तेंडुलकरांचें ‘सखाराम बाइंडर’ 1972 सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां वाद न्यायालयापर्यंत गेला. पण त्यांतील शिव्यांनीं सखाराम कसा आहे तें कळतें. वाङ्मयांत शिवीचें तेवढेंच काम.

आमची तक्रार शिवीसारख्या न वाटणाऱ्या एका शब्दाविषयीं आहे. तो शब्द ‘आयटम’. इंग्रजींत त्याचा अर्थ नग, यादींतील एक बाब. कथेशीं फारसा संबंध नसलेल्या नाचगाण्यास चित्रपटव्यवसायांत ‘आयटम साँग’ म्हणूं लागले. मुंबईच्या बोलींत तोच शब्द तरुणीस लागला. आणि आतां तो थट्टेचा म्हणून सुशिक्षितांच्या तोंडींहि रुळला आहे. शिवी निदान माणसास दिली जाते. येथें समोर माणूस आहे हेंच नाकारलें जातें.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. 2015 सालीं शाळेंतून परतणाऱ्या एका मुलीचे केंस ओढून तिला ह्याच शब्दानें संबोधणाऱ्या इसमास मुंबईच्या विशेष न्यायालयानें 2022 सालीं दीड वर्षाची शिक्षा दिली. हा शब्द स्त्रीस भोगवस्तु लेखणारा आहे, असें न्यायालयानें म्हटलें.

कोणी म्हणेल, परक्या शब्दांचा हा जुनाच द्वेष आहे. आमच्या नगरींतील क्रांति चौकांत ज्यांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे, त्या शिवछत्रपतींनीं फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंडितांकडून करविला, हें खरें. परंतु त्याच चौकांत आज मराठी, उर्दू आणि दखनी एकमेकींच्या शब्दांवर सुखानें नांदतात, आणि त्यानें मराठीचें कांहीं बिघडलेलें नाहीं. शब्द कोठून आला, हा आमचा प्रश्न नाहीं. तो ज्याला लावला जातो त्याचें काय करतो, हा आहे.

त्याच चौकांतून मिरवणूक जातांना ध्वनिवर्धकावर असलीं गाणीं लागलीं, कीं आपण नाक मुरडतों. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत त्यांच्याच तालावर पांच वर्षांच्या मुली नाचूं लागल्या, कीं पहिल्या रांगेंत बसून टाळ्या वाजवितों. पुढच्या संमेलनाचें गाणें निवडतांना आईबापांनीं त्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलीस सांगून पाहावा. सांगतांना जीभ अडखळली, तर तें गाणें वगळावें.