गप्प बसलेल्या आजीची चित्रकथा

चित्रकथा म्हटली की आपल्या पिढीला 'चांदोबा'तली चित्रे आठवतात, फार तर नंतर आलेली 'अमर चित्र कथा'. म्हातारपणी असले पुस्तक हातात धरले तर घरातले हसतील, असेही वाटते. म्हणून माझ्या नातीने रूतू मोदान यांचे 'हनेखेस' हे हिब्रू पुस्तक माझ्यापुढे ठेवले, तेव्हा दोन दिवस मी ते उघडलेच नाही. तिसऱ्या दिवशी उघडले आणि संपवूनच उठले. नेखेस म्हणजे मालमत्ता. दोनशेहून अधिक पानांची ही चित्रकथा 2013 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतला आयझ्नर पुरस्कार मिळाला.

सुरुवातीला माझी फजिती झाली. हिब्रू अक्षरे उजवीकडून वाचायची सवय इतक्या वर्षांत झाली आहे, पण चित्रांची चौकट दिसली की डोळे बालबोध वळणाने डावीकडेच धावतात. त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, असे पहिल्या चार पानांत झाले. आपल्यापैकी कोणी पुस्तक हाती घेणार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे.

गोष्ट अशी. रेजिना सेगल ही म्हातारी आपल्या मिका नावाच्या नातीला घेऊन इस्राएलहून वॉर्साला जाते. मुलगा, म्हणजे मिकाचा बाप, नुकताच वारला आहे. युद्धापूर्वी रेजिनाच्या आईवडिलांची तेथे एक जागा होती, ती परत मिळते का ते पाहायचे, असे सर्वांना सांगितलेले असते. पण पोलंडला पोचल्यावर थोड्याच वेळात आजीचे मन फिरते. जागा नको, चौकशी नको. नात चक्रावते. आजी खरी कशासाठी आली आहे, ते वाचकाला हळूहळू कळते. ते मी येथे सांगत नाही. एवढेच सांगते की नेखेस म्हणजे केवळ विटा आणि चुना नव्हे.

मोदानबाईंची रेषा साधी, स्वच्छ आहे. बेल्जियमच्या हर्जे यांच्या 'टिनटिन'शी तिचे नाते लगेच ओळखू येते. चेहरे अगदी मोजक्या रेघांत काढलेले, डोळ्यांच्या जागी जवळजवळ ठिपकेच. तरी रेजिनाने मान फिरवली, पर्स छातीशी धरली की ती काहीतरी लपवते आहे हे कळते. याचे कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. या पुस्तकासाठी त्यांनी नटनट्यांना बोलावून प्रसंग करवून घेतले, त्यांचे फोटो काढले आणि त्यावरून चित्रे केली. हिब्रू, पोलिश आणि इंग्रजी बोलण्याला अक्षरांचे वळणही वेगवेगळे दिले आहे. घरात मराठी, बाहेर हिब्रू आणि कागदपत्रांना इंग्रजी, असे आयुष्य काढलेल्या आपल्या लोकांना याची गंमत अधिक कळेल.

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते तोमाश या पात्राने. हा पोलिश तरुण वॉर्सातली यहुदी ठिकाणे पाहुण्यांना दाखवतो, आणि त्याची खरी ओढ चित्रकथा काढण्याकडे आहे. या आजी-नातीच्या भानगडीतही त्याला चित्रकथा दिसू लागते आणि मिकाला ते खटकते. येथे पुस्तक एक अवघड प्रश्न विचारते. दुसऱ्याच्या घरचे दुःख काढायचा अधिकार कोणाला? मोदानबाईंचे स्वतःचे घराणे पोलंडहून आलेले. म्हणजे तोमाशला विचारलेला प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला आहे. त्याचे सोपे उत्तर त्या देत नाहीत, हे मला आवडले.

हल्लीची मुले म्हणतात, काढायला बसतो पण स्फूर्ती येत नाही. त्यांना मी हे पुस्तक देईन. लेखिकेला स्फूर्ती कोठून आली हे पानापानांतून दिसते. घरात एक गोष्ट कोणी बोलत नव्हते, आणि ती कळल्याशिवाय राहवत नव्हते. बाकीची सगळी मेहनत. 1990 नंतरच्या काळात मोदानबाई 'मॅड' मासिकाच्या हिब्रू आवृत्तीच्या संपादनात होत्या. ते मासिक चालले नाही. मग 1995 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'अॅक्टस' हा गट काढून स्वतःच पुस्तके छापली. त्यांच्या मोठ्या चित्रकथा तीन, आणि त्यांची साले पाहा: 2007, 2013, 2020. दर पुस्तकामागे सहा-सात वर्षे. स्फूर्ती एका दुपारची असते, सहा वर्षे टिकते ती चिकाटी.

दोषही सांगितले पाहिजेत. मिका आणि तोमाश यांचे प्रेम फार लवकर जमते. यागोदनिक नावाचे कुटुंबाच्या ओळखीचे गृहस्थ सारखे मध्ये मध्ये येतात, ते नाटकातल्या विदूषकासारखे वाटतात. दफनभूमीत, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, सर्व पात्रे एकत्र येतात. तो प्रसंग देखणा आहे, पण जरा जुळवून आणलेला वाटतो. मात्र विमानातली हायस्कूलची मुले, जी छळछावण्या पाहायला निघाली आहेत आणि सहलीसारखा गोंगाट करत आहेत, ती अगदी खरी आहेत. मी वर्गावर चाळीस मुले सांभाळली आहेत, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

वर्गाचा विषय निघाला म्हणून एक कबुली देते. वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्या मुलांच्या वह्या मी हिसकावून घेतल्या आहेत. एका वहीत माझेच चित्र होते, नाक लांब आणि हातात पट्टी. तेव्हा राग आला. आज वाटते, त्या मुलाने मला नीट पाहिले होते, आणि मी त्याला शिक्षा केली.

आता आपल्याविषयी. आपल्या आडनावांतच गावे आहेत, पेणकर, रोहेकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, नवगावच्या किनाऱ्याची कथा, 1964 च्या उन्हाळ्यात आपल्या हक्कासाठी येरुशलेममध्ये बसलेली आपली माणसे. यांतले काही चित्रकथेत आलेले मी पाहिलेले नाही. चित्रकार नाहीत असे नव्हे. मुंबईत जन्मलेल्या आपल्या सिओना बेंजामिन यांनी बेने इस्राएल माणसांचे चेहरे मोठ्या चित्रांतून जगापुढे ठेवले आहेत. पण घरातल्या नातवंडांनी काढायचे म्हटले तर त्यांना माहिती कोण देणार? आपण तर रेजिनासारखे गप्प. अलियाच्या पहिल्या दिवसांविषयी विचारले की म्हणतो, "जाऊ दे रे, खूप झाले ते." काहींना लाज वाटते, काहींना त्रास होतो. रेजिनालाही दोन्ही होते. तिच्या गप्प बसण्याची किंमत मात्र नातीने भरली, हे या पुस्तकात स्पष्ट दिसते.

म्हणून वाचकहो, पुस्तक जवळच्या वाचनालयात मागून पाहा. हिब्रू जड जात असेल तर नातवंडाला शेजारी बसवा, चित्रे अर्धे काम करतात. वाचून झाल्यावर त्याने आपल्या गावाचे नाव विचारले तर नुसते नाव सांगून थांबू नका. घर कोणत्या बाजूला होते, विहीर कोठे होती, बोटीवर चढताना आईच्या हातात काय होते, सगळे सांगा. आणि त्याने काढलेल्या चित्रात आपले नाक लांब आले, तर वही हिसकावून घेऊ नका.