निगडीचा पाला, पेंगुळलेला उंदीर आणि आपला निष्कर्ष

मालवणकडे कंबर धरली की निगडीचा पाला गरम करून शेकतात. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यातही तो उकळतात. निगडी म्हणजे निर्गुडी, व्हायटेक्स निगुंडो. तिच्यावर वेदना आणि चिंता अशा दोन्हींसाठी काम करायचं ठरवून तुम्ही शोधनिबंध वाचायला घेतलेत, की एक साचा वारंवार दिसेल: सुकलेल्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क, तो उंदरांना तोंडावाटे, मग हॉट प्लेट आणि प्लस मेझ, आणि शेवटी ‘पारंपरिक वापराला पुष्टी मिळाली’.

हे शेवटचं वाक्य मला पटत नाही. शेकताना पाला त्वचेवर असतो, आणि उष्णतेचाही गुण येतो. पोटात दिलेला अल्कोहोली अर्क हा वेगळाच प्रश्न आहे. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2003 साली ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क तपासला. तो काढ्याच्या जवळ जातो. शेकाच्या मात्र नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. साधारण 55 अंशांच्या प्लेटवर उंदीर पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो, ते आपण मोजतो. पण अर्काने गुंगी आली असेल तरी तो उशिराच हलणार! वेदना कमी झाली की हालचाल मंदावली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्याच मात्रेला रोटारॉडवर तोल आणि ओपन फील्डमध्ये हालचाल तपासा. प्लस मेझमध्येही नुसता उघड्या बाहूंतला वेळ देऊ नका, बंद बाहूंतल्या फेऱ्याही द्या. डायझेपामशी तुलना केली म्हणून हा प्रश्न सुटत नाही; गुंगी तर त्यानेही येते.

तिसरं, झाड नेमकं कोणतं? किनाऱ्यावर व्हायटेक्स ट्रायफोलियाही आढळते, आणि निगडीलाही कधी तीनच पर्णिका असतात. नमुना दाबून, ओळख पटवून हर्बेरियममध्ये ठेवा, क्रमांक निबंधात लिहा.

एवढं कशाला, असं वाटेल. पण प्राणी नीतिमत्ता समितीपुढे तुम्ही प्रत्येक उंदराचं कारण देणार आहात. उत्तरच न देणाऱ्या प्रयोगात ते जीव फुकट जातात. आणि ज्या आजीने पाला दाखवला, तिचं म्हणणं तपासलंच जात नाही. फक्त तिचं नाव प्रस्तावनेत वापरलं जातं.

तेव्हा प्रोटोकॉल उतरवण्याआधी तिला विचारा: पाला कसा, कुठे आणि किती वेळ लावता?