भुते की मृतात्मे? : सायमन मार्सडेन यांची कृष्णधवल छायाचित्रे

इंग्रज छायाचित्रकार सर सायमन मार्सडेन (१९४८–२०१२) यांनी आयुष्यभर एकाच जातीच्या स्थळांचा मागोवा घेतला. ओस पडलेले वाडे, छप्पर गेलेले मठ, जुन्या दफनभूमी, दंतकथांनी वेढलेले किल्ले. 'इन रुइन्स' (१९८०), 'द हॉन्टेड रेल्म' (१९८६), 'द जर्नल ऑफ अ घोस्टहंटर' (१९९४) ही त्यांची गाजलेली पुस्तके. 'भुताटकीची छायाचित्रे' अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ती अपुरी आहे. पण ती त्यांनी स्वतःच ओढवून घेतली, हेही तितकेच खरे.

प्रथम त्यांच्या तंत्राविषयी. मार्सडेन इन्फ्रारेड फिल्म वापरीत. मानवी डोळ्याला न दिसणारे किरण ही फिल्म टिपते. हिरवे पान हे किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, म्हणून चित्रात झाडवेली बर्फासारख्या पांढऱ्या उमटतात. निळे आकाश मात्र काळेकुट्ट होते. कोडॅकच्या अशा फिल्मच्या पाठीवर प्रकाश थोपविणारा लेप नसे, त्यामुळे उजळ भागांभोवती धूसर प्रभा पसरे. (ती फिल्म २००७ साली बंद झाली.) भर दुपारी घेतलेले चित्र चांदण्यातले वाटावे, हा सारा त्याचा परिणाम. म्हणजे या चित्रांत लबाडी नाही. जो प्रकाश तेथे खरोखर होता पण आपल्याला दिसला नाही, तोच त्यांत आहे. दृश्य आणि अदृश्य अशा दोन्ही सृष्टींचा निर्माता म्हणून दर रविवारी परमेश्वराचे नाव घेणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना यात विचार करण्याजोगे काही आहे.

'इन रुइन्स'च्या मुखपृष्ठावर आयर्लंडमधील मॉयड्रम किल्ला आहे. पांढऱ्या वेलींनी भिंती गिळल्या आहेत, वर काळे आकाश. हेच दृश्य पुढे १९८४ साली 'यू टू' या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेवर जवळजवळ जसेच्या तसे अवतरले, इतके ते मनात घर करणारे होते. या चित्रात भूत नाही आणि त्याची गरजही नाही. १९२१ साली, आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, बंडखोरांनी हा किल्ला जाळला. इंग्रज सैनिकांनी जवळपासची घरे जाळली होती, त्याचा तो सूड. स्वतः उमराव घराण्यातील मार्सडेन यांना पडलेल्या वाड्याची करुणा जाणवते; ज्या कॅथलिक कुळांच्या घामावर असे वाडे उभे राहिले, त्यांच्या झोपड्या मात्र त्यांच्या चौकटीत येत नाहीत. ही उणीव मोठी आहे. तरीही हे त्यांचे सर्वांत प्रामाणिक पुस्तक, कारण येथे अवशेष स्वतःच बोलतात.

इंग्लंडमधील मठांपाशी येताच प्रश्न अधिक नाजूक होतो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिट्‌बी मठ घ्या. ६५७ साली संत हिल्डा यांनी येथे पहिला मठ स्थापिला. ६६४ मध्ये तेथेच धर्मपरिषद भरली. पुढे बेनेडिक्टाइन मठवासी येथे नांदले आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या अमलात मठ बंद झाला. आज लोक तेथे जातात ते ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'मुळे, आणि कफनातील हिल्डा खिडकीत दिसते या आख्यायिकेमुळे. आठशेहून अधिक वर्षांच्या स्मृतीतून एक संत स्त्री उरली ती पिशाच म्हणून!

हे आपोआप घडले नाही. हेन्रीनंतर १५४७ मध्ये मृतांसाठी मिस्सा अर्पण करणारी प्रार्थनागृहेही कायद्याने बंद झाली. शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली गेली. मृतांशी असलेले प्रार्थनेचे नाते तुटले. माझ्या मते इंग्लंडच्या अनेक भूतकथांचे मूळ येथे आहे. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते मृतात्मे गेले, ज्यांना भ्यायचे ती भुते राहिली. पुढे गॉथिक कादंबऱ्यांनी, विशेषतः १७९६ च्या 'द मंक'ने, मठवासी म्हणजे कपटी, दुराचारी ही प्रतिमा रूढ केली. बोर्लीच्या 'भिंतीत चिणलेल्या जोगिणी'ची कथा याच जातीची. तिला इतिहासाचा काडीचाही आधार नाही.

खंत अशी, की मार्सडेन यांचे शिक्षण अ‍ॅम्पलफर्थच्या बेनेडिक्टाइन शाळेत झाले होते. पडक्या मठात पूर्वी काय चालत असे, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. तरीही चित्रांसोबतच्या मजकुरात ते पुष्कळदा ऐकीव कथांच्याच आहारी जातात. चित्र मौन राखते आणि मजकूर कुजबुजतो. वसईच्या किल्ल्यात, संत अंतोनीच्या भग्न देवळातील फरशीवरच्या पोर्तुगीज लेखांवरून आपणही चालतो. त्या दगडांखालच्या माणसांची आठवण २ नोव्हेंबरला होणे आणि अंधार पडताच त्यांची भीती वाटणे, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मार्सडेन यांचा कॅमेरा पहिल्या गोष्टीच्या जवळ जातो, त्यांची लेखणी दुसरीच्या.

यास सन्माननीय अपवाद म्हणजे इंग्लंडमधील देवळे व त्यांच्या दफनभूमी यांवरील 'मेमेंटो मोरी' (२००७). 'मरण आहे हे ध्यानी ठेव' या अर्थाचे हे शीर्षकच जुन्या ख्रिस्ती परंपरेतले. संग्रही एखादेच पुस्तक ठेवायचे तर मी हे ठेवीन. 'द हॉन्टेड रेल्म' मुलांच्या हाती दिले तर मजकूर तेवढा आपण स्वतः आधी वाचावा.