तिसऱ्या बेसवरचा मधला मुलगा

बेसबॉल मला कळतो असा माझा मुळीच दावा नाही. पण न कळणाऱ्या गोष्टीवर ठणकावून मत देण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, ती मोडणारा मी कोण? शिवाय माझी तक्रार खेळाबद्दल नाहीच, परीक्षकांबद्दल आहे. आणि परीक्षक म्हणाल, तर जगात सगळीकडे सारखेच.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. गेल्या खेपेला त्यानं मला न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या गावी नेलं. तिथं बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' आहे. १९३९ साली उघडलेलं हे खेळाडूंचं देऊळच म्हणा ना! भिंतीवर ब्राँझच्या पाट्या, पाटीवर चेहरा, खाली पराक्रम. चपला कुठं काढायच्या, हे मी विचारणारच होतो.

"मामा, इथं पिचर ऐंशीच्या वर आहेत," भाचा म्हणाला. "पण तिसऱ्या बेसवाले अगदी मोजके."

"का बुवा? ते काय वाईट खेळतात?"

"तसं नाही हो. त्यांना मोजायचं कसं, हेच लोकांना ठरवता येत नाही."

मग त्यानं मला मैदान समजावून दिलं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी, दोन ठाण्यांत नव्वद फूट अंतर. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं चेंडू जोरात ओढला, की तो बंदुकीच्या गोळीसारखा तिसऱ्या बेसवर येतो. म्हणून त्या जागेचं नावच 'तापलेला कोपरा'. तो चेंडू अडवायचा आणि लगेच समोरच्या पहिल्या बेसवर, म्हणजे जवळजवळ सव्वाशे फुटांवर, फेकायचा. आपला एकनाथ सोलकर २७ कसोटींत ५३ झेल घेताना फलंदाजाच्या पोटाशी जाऊन उभा राहायचा. ही त्याच जातीची छाती!

आता गंमत बघा. शेजारचा शॉर्टस्टॉप हातमोज्यावर नाव कमावतो. त्यानं बॅटीनं थोडं कमी केलं तरी चालतं. समोरचा पहिल्या बेसवाला बॅटीवर पोट भरतो. त्यानं नुसता चेंडू झेलला तरी पुरे. तिसऱ्या बेसवाल्यानं मात्र दोन्ही करायचं. आणि निकालाच्या वेळी? क्षेत्ररक्षणात त्याची तुलना शॉर्टस्टॉपशी, फटक्यांत पहिल्या बेसवाल्याशी! म्हणजे घरातल्या मधल्या मुलासारखं. अभ्यासात थोरल्याएवढा हुशार नाही, दिसायला धाकट्यासारखा गोरा नाही, आणि दळण मात्र त्यानंच आणायचं.

निवड करतात क्रीडापत्रकार. दहा वर्षांची सभासदी असलेले. शंभरातल्या पंचाहत्तरांनी नाव लिहिलं तर देवळात प्रवेश, पाचांनीही लिहिलं नाही तर यादीतूनच गच्छंती. ब्रूक्स रॉबिन्सननं ओळीनं १६ वर्षं 'गोल्ड ग्लव्ह' मिळवला, तो १९८३ मध्ये पहिल्याच झटक्यात आत गेला. ते योग्यच झालं. पण ५१२ होमरन ठोकणाऱ्या एडी मॅथ्यूजला पाचव्या वर्षापर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, दारात तिष्ठत ठेवलं. तरी हे दोघे एकेका बाबतीत डोळे दिपवणारे होते. दोन्हींत चांगला असणाऱ्याचं काय?

त्याचं उत्तर म्हणजे रॉन सँटो. ३४२ होमरन आणि पाच गोल्ड ग्लव्ह. त्यातून अठराव्या वर्षापासून मधुमेह. हे दुखणं त्यानं १९७१ पर्यंत जगापासून लपवलं आणि तापल्या कोपऱ्यात उभा राहिला. १९८० मध्ये त्याला किती मतं पडली? ३.९ टक्के. गच्छंती! १९८५ मध्ये त्याला यादीत परत घेतलं, पण १९९८ च्या शेवटच्या संधीलाही गाडी ४३.१ टक्क्यांपुढं सरकली नाही. पुढं त्याचे दोन्ही पाय गेले. डिसेंबर २०१० मध्ये तोही गेला. आणि डिसेंबर २०११ मध्ये एका समितीला साक्षात्कार झाला, की अरे, हा तर थोर खेळाडू होता! बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण अमेरिकेतही चालते, हे मला तेव्हा कळलं.

माझा प्रश्न साधा आहे. सँटो १९७४ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर त्यानं एकही चेंडू मारला नाही की अडवला नाही. मग १९८० ते २०११ मध्ये बदललं काय? फक्त परीक्षकांचा चष्मा.

चष्मा बदलला हेही खरं. हल्ली 'वॉर' नावाचा आकडा काढतात. कोणीही सहज मिळणारा बदली खेळाडू उभा केला असता, त्यापेक्षा या माणसानं किती सामने जास्त जिंकून दिले, याचा हा हिशेब. त्यात बॅट आणि मोजा एकाच वहीत मांडतात. म्हणून तर स्कॉट रोलेन २०१८ च्या १०.२ टक्क्यांवरून २०२३ मध्ये ७६.३ टक्क्यांवर चढला, घरबसल्या! एड्रियन बेल्ट्रे २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी ९५.१ टक्क्यांनी आत गेला, पण त्याच्यापाशी ३१६६ हिट्स होत्या. तीन हजार म्हटलं की परीक्षकांना हायसं वाटतं. कष्टापेक्षा गोल आकडा लवकर दिसतो.

सँटोच्या पाटीपुढं मी थोडा वेळ उभा राहिलो. पाटी सुबक आहे. ती बघायला तो नव्हता, एवढंच.

बदली खेळाडूचा हिशेब मात्र डोक्यातून जाईना. बदलीवर आलेल्या बाईच्या हातचं आठ दिवस जेवलेल्या कुठल्याही नवऱ्याला 'वॉर' समजावून सांगावा लागत नाही. मुक्कामी परतलो तेव्हा बायकोनं पानं घेतली होती. दिवसभर भाच्याची पोरं सांभाळून वर तिनं स्वयंपाकही केला होता. मी म्हटलं, "आमटी फार छान झालीय हं. नेहमीच होते."

तिनं हातातला डाव खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"