शब्द, नियम आणि ‘केला’ : ‘वर्ड्स अँड रूल्स’ या ग्रंथाचे परीक्षण

इंग्रजीतील अनियमित क्रियापदे आपण बहुधा तीन रकान्यांच्या तक्त्यातून शिकतो : गो, वेन्ट, गॉन; सिंग, सँग, संग. पाठ करायचे आणि परीक्षेत लिहायचे. स्टीव्हन पिंकर यांनी 1999 साली ‘वर्ड्स अँड रूल्स’ हा संपूर्ण ग्रंथ याच क्रियापदांवर लिहिला. मानवी मन भाषा कशी चालवते, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. त्यांच्या उत्तराचे बळ आणि मर्यादा या टिपणात पाहू.

पिंकर यांचे प्रतिपादन

पिंकर यांच्या मते मनात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक स्मृती; तिच्यात शब्द साठवलेले असतात. दुसरी नियम, तो कोणत्याही धातूला भूतकाळाचा ‘-एड’ हा प्रत्यय लावतो. ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ नियमाने तयार होते, तर ‘गो’चे ‘वेन्ट’ स्मृतीतून येते. स्मृतीत तयार रूप सापडले की नियम थांबतो. लहान मुलाच्या स्मृतीत ते रूप पुरेसे पक्के नसते, तेव्हा ते ‘गोड’ म्हणते. हे रूप त्याने मोठ्यांकडून ऐकलेले नसते. म्हणजे ही चूक नियम आत्मसात झाल्याचा पुरावा आहे.

या मताच्या बाजूने ग्रंथात भक्कम पुरावे आहेत. जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना ‘रिक’सारखी बनावट क्रियापदे दिली आणि मुलांनी न ऐकलेली भूतकाळी रूपे तयार केली. ‘घंटा वाजणे’ या अर्थाच्या ‘रिंग’चे ‘रँग’ होते. पण ‘कडे’ या नामावरून बनलेल्या, ‘वेढा घालणे’ या अर्थाच्या ‘रिंग’चे ‘रिंग्ड’ होते. उच्चार एकच असूनही रूप बदलते, कारण नामापासून बनलेल्या क्रियापदाला जुने साठवलेले रूप लागू होत नाही.

1986 मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी नियमाशिवाय, केवळ ध्वनींच्या साहचर्यावर चालणारे संगणकीय जाळे मांडले होते. त्याने ‘मेल’चे भूतकाळी रूप ‘मेंबल्ड’ असे दिले. पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी 1988 मध्ये या जाळ्याची जी चिकित्सा केली, ती आजही वाचण्यासारखी आहे.

अनियमितता टिकते का, याचे उत्तरही पटणारे आहे. इंग्रजीत अशी क्रियापदे सुमारे 150 ते 180 आहेत, आणि सर्वाधिक वापरातली दहाही क्रियापदे अनियमित आहेत. जे रूप रोज कानावर पडते ते स्मृतीत टिकते. जे क्वचित ऐकू येते ते नियमाच्या ताब्यात जाते. 2007 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने याला बळ दिले. जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांपैकी आज 98 अनियमित उरली आहेत आणि कमी वापरातली आधी नियमित झाली.

कुठे अडते?

अडचण दोन यंत्रणांमधल्या भिंतीची आहे. ‘कीप–केप्ट’, ‘स्लीप–स्लेप्ट’, ‘टेल–टोल्ड’ पाहा. स्वर बदलतो, पण शेवटी ट किंवा ड राहतोच. हा नियमित प्रत्ययाचाच अंश आहे. पिंकर अशा जोड्यांचा इतिहास सांगतात. तरी त्यांच्या मांडणीत ही रूपे स्मृतीच्या खात्यात जातात.

मराठीचा भूतकाळ घेतला की हा प्रश्न अधिक ठळक होतो. ‘बस–बसला’, ‘चाल–चालला’ हे नियमित. ‘कर–केला’, ‘मर–मेला’, ‘जा–गेला’, ‘ये–आला’, ‘हो–झाला’ हे अनियमित. मात्र अनियमितता केवळ धातूत आहे. पुढचे ‘-ला, -ली, -ले’ नेहमीच्या नियमानेच येते. गेलो, गेलीस, गेलात, गेल्या ही रूपे कोणी सुटी पाठ करत नाही. ‘गे-’ एवढे लक्षात ठेवले की बाकीचे काम नियम करतो. हिंदीतील ‘किया, की, किए’ असेच आहे. म्हणजे स्मृती आणि नियम एकाच शब्दात शेजारी नांदतात. ‘संपूर्ण रूप एक तर साठवलेले, नाही तर घडवलेले’ ही विभागणी इथे पुरत नाही.

दुसरा आक्षेप आकृतिबंधांचा. बर्को यांच्याच प्रयोगात ‘ग्लिंग’ या बनावट क्रियापदाचे अनेक प्रौढांनी ‘ग्लँग’ केले. ‘सिंग–सँग’, ‘रिंग–रँग’ या कुटुंबाचा साचा त्यांनी नव्या शब्दाला लावला. पिंकर हे मान्य करतात आणि स्मृती काही अंशी साहचर्याने चालते असे म्हणतात. पण ही सवलत दिल्यावर स्मृतीसुद्धा नवी रूपे घडवू लागते, आणि मूळ भेद त्यांनी मांडला तितका धारदार राहत नाही.

मूल्यमापन

या आक्षेपांमुळे सिद्धान्त कोसळत नाही. नियम असतो हे पिंकर यांनी सिद्ध केले आहे. दुरुस्ती इतकीच, की भिंत दोन प्रकारच्या शब्दांमध्ये नसून पुष्कळदा शब्दाच्या आतच, धातू आणि प्रत्यय यांच्या मध्ये असते. ग्रंथात जर्मनवर स्वतंत्र प्रकरण आहे. भारतीय भाषांकडेही तसेच पाहिले असते, तर ही बाब लेखकाच्या नजरेतून सुटली नसती.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने याला व्यावहारिक महत्त्व आहे. वर्णानुक्रमाचा तक्ता ‘कीप’ आणि ‘स्लीप’ यांना दूर ठेवतो आणि त्यांचे नाते लपवतो. तोच तक्ता कुटुंबांनुसार मांडून पाहा : स्वर बदलणारे, स्वर बदलून ट-ड घेणारे, मुळीच न बदलणारे, आणि ‘गो–वेन्ट’सारखे एकटे. खरोखर घोकण्याजोगी रूपे फार थोडी उरतात. आणि कोणी ‘गोड’ लिहिले तर ते अज्ञान म्हणून खोडण्याआधी त्यात नियम किती नीट लागला आहे, हेही पाहावे. ही नजर या ग्रंथानेच दिली, म्हणून मतभेद ठेवूनही तो मुळातून वाचावा.