‘अल्मा’, ‘उपवर’ आणि ‘कुमारी’

आगमनकाळ आला की आपल्या व्यासपीठांवरून यशया ७:१४ वर प्रवचने होतात आणि एक विधान हमखास ऐकू येते : इब्री ‘अल्मा’ शब्दाचा अर्थ ‘पुरुषस्पर्श न झालेली स्त्री’ असाच आहे. असे आम्हीही पूर्वी शिकविले आहे. ते टिकणारे नाही.

हा शब्द जुन्या करारात मोजक्याच ठिकाणी येतो. विहिरीवर पाणी भरावयास आलेली रिबका (उत्पत्ती २४:४३) अल्मा, आणि पेटाऱ्यातील तान्ह्या मोशेवर लक्ष ठेवणारी त्याची बहीण (निर्गम २:८) हीदेखील अल्मा. ‘एलेम’ हे त्याचे पुल्लिंगी रूप. शौल दावीदाविषयी तोच शब्द वापरतो (१ शमुवेल १७:५६). हा तरुण कोणाचा पुत्र, एवढेच तो विचारतो, त्याच्या ब्रह्मचर्याची चौकशी करीत नाही! शब्द वय सांगतो. कौमार्य सांगत नाही, नाकारीतही नाही. ‘बथुला’ हा शब्द कौमार्याच्या अधिक जवळचा खरा, पण योएल १:८ मधील बथुला आपल्या तरुणपणाच्या पतीसाठी शोक करते.

ग्रीक सेप्टुअजिंटने यशयाच्या वचनात ‘पार्थेनोस’ योजला आणि मत्तयाने तोच घेतला. मात्र त्याच भाषांतरात शखेमाने भ्रष्ट केलेली दीनाही पार्थेनोसच आहे (उत्पत्ती ३४:३). १९५२ साली इंग्रजी सुधारित आवृत्तीने यशयात ‘तरुण स्त्री’ असे छापले, तेव्हा अमेरिकेत एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळले. आमच्या मते ती भीती व्यर्थ होती. मरीयेच्या कौमार्याची साक्ष लूक १:३४ व मत्तय १:२५ स्वतंत्रपणे देतात. कोशातील एका नोंदीवर तिचा भार टाकणारा उपदेशक इब्री शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला उगाच संकटात लोटतो.

मग मराठीत काय म्हणावे? अल्माच्या सर्वांत जवळचा आपला जुना शब्द ‘उपवर’. पण त्यात वरसंशोधनाची सूचना आहे, आणि यशयातील स्त्री तर माता होणार आहे. ‘कुमारी’ला आपल्या व्यवहारात दोन अर्थ आहेत. नावाआधी ‘कु.’ लिहिताना आपण अविवाहितपण तेवढे सांगतो. गोव्याकडील कोंकणी प्रार्थनांत ‘आंकवार’ म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो, तो त्या ‘कु.’त नसतो. म्हणून यशया शिकविताना ‘तरुणी’ म्हणावे, मत्तय शिकविताना ‘कुमारी’ ठेवावे, आणि दोन शब्द का, हे वर्गाला त्याच दिवशी सांगावे.